येशूबरोबर चालणाऱ्या बायका: अनुयायी की नुसत्या मदतनीस?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताईंना त्यांच्या मंडळीच्या महिला मंडळात वीस मिनिटं बोलायचं आहे आणि विषय मिळाला आहे ‘येशूच्या स्त्री-अनुयायी’. तयारीला बसल्यावर त्या अडल्या. बारा प्रेषितांत एकही बाई नाही. लूकच्या शुभवर्तमानात (मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही येशूची चार चरित्रं, त्यांतलं हे एक) आठव्या अध्यायात बायका येतात, त्याही पैसा पुरवणाऱ्या म्हणून. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तर सांगूनच टाकलं की ‘अनुयायी’ म्हणू नका, ‘मदत करणाऱ्या बहिणी’ म्हणा. शिवाय मग्दालीया मरीयेचं नाव घ्यावं की टाळावं, याची धाकधूक आहेच, कारण ती वेश्या होती असं पुष्कळांनी ऐकलेलं असतं.

मी बरीच वर्षं नवा करार शिकवते, बहुतेक वेळा मराठीतून आणि बायबल अभ्यासाच्या छोट्या गटांना. हा प्रश्न नेहमी येतो आणि दर वेळी त्यात दोन प्रश्नांचा गुंता झालेला असतो. शुभवर्तमानांच्या लेखी त्या बायका काय करत होत्या, हा एक. आजच्या मंडळीत बायकांना काय करू द्यावं, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही कुठल्या मंडळीत आहात यावर ठरतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा देते, रोमन कॅथलिक चर्च देत नाही, आणि येशूने बारा पुरुषच निवडले हे त्या नकारामागचं एक मुख्य कारण आहे. तो वाद वीस मिनिटांत उकरू नका, निस्तरता येणार नाही. पहिल्याचं उत्तर मात्र पानावर लिहिलेलं आहे, आणि त्या वडीलधाऱ्यांना ते फारसं सोयीचं नाही.

लूकपासून सुरुवात करायचा मोह आवरा आणि मार्क १५:४०-४१ काढा. येशूने प्राण सोडला आहे. बारांपैकी कुणीही तिथे नाही. त्याला धरलं तेव्हाच सगळे पळाले, हे मार्कने आदल्याच अध्यायात सांगितलंय. आणि आता तो म्हणतो की काही बायका दुरून पाहत होत्या, त्यांत मग्दालीया मरीया, धाकटा याकोब आणि योसे यांची आई मरीया, आणि सलोमे होत्या. येशू गालीलात असताना त्या त्याच्यामागे चालत आणि त्याची सेवा करत. त्याच्याबरोबर यरुशलेमला आलेल्या आणखीही पुष्कळ होत्या.

आता मागची पानं चाळा. वादळ, भाकरी, डोंगर, सगळं होऊन गेलं, आणि बायकांचा एक गट पहिल्यापासून बरोबर चालतोय याचा मार्कने उच्चारही केला नव्हता. त्याला लपवायचं होतं असं मला वाटत नाही. त्या काळच्या सांगणाऱ्यांना बायका मोजायची सवयच नव्हती. मत्तय पाच हजारांना जेवू घालताना ‘स्त्रिया व मुलं सोडून’ असंच म्हणतो. वधस्तंभापाशी मात्र मोजायला दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा त्या दिसल्या. म्हणून मी गटाला सांगते, की ही दोन वचनं वाचल्यावर मार्क पुन्हा पहिल्या अध्यायापासून वाचा, आणि जिथे जिथे येशूबरोबरची माणसं रस्त्याने चाललेली दिसतील तिथे या बायकाही धरा.

‘मदतनीस’ या शब्दाचं उत्तरही इथेच आहे. मार्कच्या वाक्यात मागे चालणं आधी येतं आणि सेवा नंतर. आणि सेवा ही मार्कच्या लेखी दुय्यम गोष्ट मुळीच नाही. दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान उजवी-डावी आसनं मागतात, बाकीचे दहा चिडतात, आणि येशू सांगतो की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, करायला आला आहे. मग येशूची सेवा कुणी केली असं मार्क सांगतो? अरण्यात देवदूतांनी. ताप उतरल्यावर शिमोन पेत्राच्या सासूने. आणि गालीलातल्या या बायकांनी. बारांपैकी एकाच्याही नावापुढे मार्क ते लिहीत नाही. वडीलधाऱ्यांना खुशाल सांगा की मदत करणाऱ्या म्हणा, पण दहावा अध्याय वाचून मग म्हणा.

बारा पुरुषच का, हे सभेत कुणीतरी विचारणारच. बारा ही इस्राएलच्या वंशांची संख्या आहे. मत्तय १९:२८ मध्ये येशू स्वतःच सांगतो की हे बारा जण बारा आसनांवर बसून बारा वंशांचा न्याय करतील. याकोबाच्या बारा मुलांची ती खूण आहे, म्हणून बारा आणि म्हणून पुरुष. पण अनुयायांचा गोतावळा बारापेक्षा कितीतरी मोठा होता. लूक ६:१३ प्रमाणे पुष्कळ शिष्यांतून बारा निवडले गेले. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: ‘माझ्यामागे ये’ अशी थेट हाक एखाद्या बाईला मारल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत नाही, आणि एकीलाही नाव घेऊन ‘शिष्या’ म्हटलेलं नाही. ते दडवून केलेली मांडणी पहिल्याच उलट प्रश्नाला कोसळते.

आता लूककडे या. आठव्या अध्यायात तीन नावं येतात: सात भुतं निघालेली मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, आणि सुसान्ना, जिच्याबद्दल नावापलीकडे काहीच सांगितलेलं नाही. शिवाय ‘इतर पुष्कळ’. त्या आपल्या पदरच्या पैशाने येशूचा आणि बारांचा खर्च भागवत. माझ्या अनुभवात या तिघींपैकी योहान्नेवर प्रवचन जवळजवळ कधीच होत नाही, आणि मला तर तीच सगळ्यांत विलक्षण वाटते. हेरोद अंतिपा हा इ.स.पू. ४ ते इ.स. ३९ या काळात गालीलचा मांडलिक शासक होता. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं त्यानेच उडवलं. त्याच्या कारभाऱ्याच्या घरातली बाई, बहुधा तिबिर्यासारख्या दरबारी शहरात राहणारी, गावोगाव फिरणाऱ्या एका सुताराच्या मागे चालते आहे आणि खर्चही उचलते आहे. तिच्या नवऱ्याला हे पसंत होतं का, तो हयात तरी होता का, लूक बोलत नाही. अंतिपाच्या घरातल्या गोष्टी लूकला इतरांपेक्षा जास्त माहीत आहेत हे मात्र दिसतं. येशूला त्याच्यापुढे उभं केल्याचा प्रसंग फक्त लूकमध्येच आहे. ही माहिती योहान्नेकडून आली असावी असा तर्क अभ्यासक करतात. मला तो पटतो, पण तो तर्क आहे हे सांगूनच मी वापरते.

‘बायकांकडे स्वतःचा पैसा कुठून?’ ही शंका रास्त आहे. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत १९६१ साली बाबथा नावाच्या यहुदी बाईची कागदपत्रं सापडली, बहुतेक दुसऱ्या शतकाच्या पहिल्या तिसाएक वर्षांतली. तिच्या मालकीच्या खजुराच्या बागा होत्या, आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याने तिच्याकडून ३०० दिनार ठेव म्हणून घेतल्याचा लेख त्यात आहे. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तेव्हा काही बायकांच्या हाती स्वतःची मालमत्ता होती, हे बायबलबाहेरच्या कागदांवरूनही दिसतं. सगळ्यांकडे नसे, हे वेगळं सांगायला नको.

राहता राहिलं ते सोबत हिंडणं. वल्हांडण या यहुदी सणाला बायकांनी यरुशलेमला जाणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपल्याकडे बायका वारीला जातात, तसंच ते. बारा वर्षांचा येशू मागे राहिला तेव्हा मरीया अशाच जथ्यातून परतत होती. पण सण संपल्यावरही घरी न परतता, नातलग नसलेल्या पुरुषांबरोबर गालीलभर फिरणं हे नेहमीचं नव्हतं. लूकला त्याचं समर्थन करावंसं वाटत नाही. तो ते एका वाक्यात नोंदवतो आणि पुढे जातो.

या विषयात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते आता. वहीत तीन रकाने आखा आणि मार्कमधली नावं लिहा: मृत्यू कुणी पाहिला, देह कुठे ठेवला हे कुणी पाहिलं, आणि रविवारी पहाटे कबरेवर कोण गेलं. पहिल्या रकान्यात मग्दालीया मरीया, दुसरी मरीया आणि सलोमे. दुसऱ्यात दोघी मरीया, सलोमे नाही. तिसऱ्यात पुन्हा तिघी. तो मेला, अमुक कबरेत ठेवला, आणि ती कबर रिकामी निघाली, हे तिन्ही दुवे जोडणारी माणसं या बायकाच आहेत. अरिमथाईकर योसेफाने देह ठेवला, पण रविवारच्या हकिगतीत तो नाही. बारांतला अग्रणी पेत्र तर वधस्तंभापाशीही नव्हता. या दोघी मरीया नसत्या तर मार्ककडे ‘हीच ती कबर’ असं सांगणारं कुणीच उरलं नसतं. आणि सलोमेची मधली रिकामी जागा बघा. तिचं नाव तिथे घुसडून देणं किती सोपं होतं! मार्कने ते केलं नाही. माझ्या मते कुणी काय पाहिलं याचा हिशेब तो जपून ठेवतोय.

लूक हेच वेगळ्या रीतीने करतो. नावं तो चोविसाव्या अध्यायापर्यंत राखून ठेवतो, आणि मग मग्दालीया मरीया आणि याकोबाची आई मरीया यांच्या जोडीला योहान्ना येते, आठव्या अध्यायातलीच. कबरेपाशी बायकांना सांगितलं जातं, ‘तो गालीलात असताना तुम्हांला काय म्हणाला होता ते आठवा.’ आणि त्यांना आठवतं. आता ते भाकीत, म्हणजे आपण मारले जाऊ आणि तिसऱ्या दिवशी उठू हे येशूचं बोलणं, लूक ९:२२ मध्ये शोधा. तिथे येशू एकांतात आहे आणि जवळ फक्त शिष्य आहेत. बायकांनी ते ऐकलेलं असेल, तर लूकच्या हिशेबी त्या त्या शिष्यांतच बसल्या होत्या. माझ्याकडे वीसऐवजी पाचच मिनिटं असती तर मी एवढंच सांगितलं असतं.

मग्दालीया मरीयेचं नाव घ्या, जरूर घ्या. ती वेश्या होती असं कुठल्याही शुभवर्तमानात नाही. घोटाळा असा झाला: लूकचा सातवा अध्याय एका पापी, निनावी बाईवर संपतो, जी येशूचे पाय आसवांनी भिजवते. आठवा मग्दालीया मरीयेच्या नावाने सुरू होतो. आणि योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीची मरीया येशूच्या पायांना तेल लावते. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात या तिघींना एकच ठरवलं आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ते रुजलं. पूर्वेकडच्या चर्चने तिघींना वेगळंच ठेवलं. रोमन कॅथलिक पंचांगाने १९६९ च्या सुधारणेत ती सरमिसळ सोडून दिली, आणि २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. आपल्याकडच्या प्रवचनांना हे अजून पोचायचं आहे. मुळात बेथानी यरुशलेमपासून तीनेक किलोमीटरवर, आणि मग्दाला पार उत्तरेला, गालील समुद्राच्या काठी, मासे खारवणारं गाव. तिथे २००९ मध्ये पहिल्या शतकातलं सभास्थान सापडलं. नावांच्या गोंधळाला एक साधं कारणही आहे: त्या काळच्या पॅलेस्टाइनमधल्या ज्या यहुदी बायकांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, त्यांतल्या जवळपास निम्म्या मरीया नाहीतर सलोमे आहेत. म्हणून तर कुणाची आई, कुणाची बायको असं सांगावं लागे. मग्दालीया मरीयेची ओळख मात्र नवऱ्यावरून किंवा मुलावरून दिलेली नाही, गावावरून दिली आहे. येशूची बायको वगैरे कादंबऱ्यांतल्या गोष्टींवर वेळ घालवू नका. चारही शुभवर्तमानांत त्याला तसूभर आधार नाही.

मार्क १४ मधली बेथानीची निनावी बाई वगळू नका. कुष्ठी शिमोनाच्या घरी ती संगमरवरी कुपी फोडते आणि तेल येशूच्या मस्तकावर ओतते. ३०० दिनारांहून जास्त किमतीचं, म्हणजे मजुराची वर्षभराची कमाई. लोक तिच्यावर डाफरतात. येशू म्हणतो, तिने माझ्या उत्तरकार्यासाठी हे आधीच केलं. पेत्राला मरणाची भाषा सहन झाली नव्हती, त्याने येशूलाच दटावलं होतं. या बाईने ती ऐकली आणि मानली. आता पुढचं पाहा: तिघी बायका रविवारी सुगंधी द्रव्यं घेऊन जातात तेव्हा देह तिथे नसतोच. म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या देहाला खरोखर तेल लागलं ते या एकीच्याच हातून. योहान हे वेगळं सांगतो; तिथे निकदेम नावाचा माणूस गंधरस आणि अगरू घेऊन येतो. म्हणूनच मी म्हणते की चौघांची गोष्ट कालवून एक करू नका. बोलताना कुठलं शुभवर्तमान उघडलंय ते सांगा आणि त्याच्यातच राहा.

एक युक्तिवाद तुमच्या कानावर नक्की आला असेल: त्या काळी बायकांची साक्ष ग्राह्य नव्हती, त्यामुळे खोटं रचणाऱ्याने बायका साक्षीदार केल्याच नसत्या, म्हणून हकिगत खरी. यात तथ्य आहे. बायकांची साक्ष घेऊ नये असं योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार लिहितो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल येशू कुणाकुणाला दिसला ती यादी देतो, तीत केफा (म्हणजे पेत्र) आहे, बारा आहेत, पाचशे बंधू आहेत, पण एकाही बाईचं नाव नाही. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लोकांवर तुटून पडणारा केल्सस ‘एका वेडसर बाईने पाहिलं म्हणे’ अशी टर उडवतो. आणि लूक सांगतो की प्रेषितांनाही बायकांचं बोलणं वायफळ वाटलं. पण हा युक्तिवाद ताणू नका. बायकांची साक्ष काही बाबतींत चालत असे. नवरा मेल्याची बायकोची साक्ष मिश्ना, म्हणजे यहुदी नियमांचा जुना संग्रह, मान्य करते. शिवाय कबरेवर जाणं, शोक करणं हे बायकांचंच काम, तेव्हा तिथे त्या असणं स्वाभाविक होतं. बायकांची नावं टिकली हे हकिगत जुनी असल्याचं चांगलं लक्षण आहे असं मी म्हणते. ‘सिद्ध झालं’ असं म्हणत नाही.

दुसरा खड्डा म्हणजे ‘यहुदी धर्मात बायकांना किंमत नव्हती, येशूने त्यांना मोकळं केलं’ हे ठरीव वाक्य. या सगळ्या बायका यहुदीच होत्या, येशूही यहुदी होता. लूकमध्ये अठरा वर्षं वाकलेली बाई सभास्थानातच भेटते आणि येशू तिला अब्राहामाची कन्या म्हणतो. हन्ना संदेष्ट्री मंदिरात आहे. दुसऱ्याचा धर्म खाली ढकलून आपल्या गोष्टीची उंची वाढवायची गरज नाही.

आणि मार्क १६:८ टाळू नका. बायका कबरेतून थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, म्हणजे चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाई प्रतींत, मार्क इथेच संपतो. पुढची वचनं त्यांत नाहीत. गौरवाच्या भाषणात हे वचन खुपतं, म्हणून लोक ते गाळतात. पण मार्क कुणालाच देव्हाऱ्यात बसवत नाही. पुरुष शुक्रवारच्या आधीच पळाले, बायका रविवारी पळाल्या. मधल्या वेळात त्या तिथे होत्या, हा फरक मात्र त्याने नोंदवून ठेवला आहे.

वीस मिनिटांत यातलं सगळं बसणार नाही. मी असं करीन: लूक ८:१-३ आणि २४:१-११ एका बहिणीला मोठ्याने वाचायला सांगा, मग योहान्नेवर पाच मिनिटं, ‘आठवा’ या वचनावर पाच, आणि मग्दालीया मरीयेच्या घोटाळ्यावर तीन-चार, कारण नंतर चहाच्या वेळी तोच विषय निघणार आहे. मार्कचे तीन रकाने फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर आखता आले तर उरलेल्या वेळात बायकांनाच भरू द्या. सलोमे मध्ये का गायब झाली हे कुणीतरी आपणहून विचारतं. बेथानीच्या मार्था आणि मरीया या बहिणींना यात ओढू नका. ‘स्वयंपाकघर की प्रार्थना’ या वादात तास कसा जातो कळत नाही, आणि योहान ११:२७ मध्ये मार्था ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ अशी जी कबुली देते, जवळजवळ पेत्राचीच, ती बिचारी राहूनच जाते. तिच्यासाठी वेगळी बैठक मागून घ्या.